बायर्नने सोडला, माद्रिदने उचलला: 2014 च्या उन्हाळ्यातल्या एका कॉन्ट्रॅक्टचं प्रकरण

प्रकरण काय आहे

जर्मन मिडफिल्डर, वय 24, क्लब बायर्न म्युनिक, कॉन्ट्रॅक्ट जून 2015 पर्यंत आणि पगारावरून बोलणी अडकलेली. पुढच्या काही महिन्यांत तो वर्ल्डकप जिंकतो आणि चारच दिवसांनी रियाल माद्रिदची सही जाहीर होते. त्याला इथे टी. म्हणू. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण नाव आलं की बायर्नवाले एकीकडे, माद्रिदवाले दुसरीकडे अशी भांडणं लागतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. फुटबॉल बघणारे पुढच्या पॅराग्राफमध्येच ओळखतील, ओळखू देत की. जे लिहितोय ते सगळं केव्हाच जाहीर झालेलं आहे.

साधारण समज असा की टी. पैशासाठी गेला. मला ते अर्धवट वाटतं. पैशावरून बोलणी फिसकटली हे खरं, पण क्लबने त्याची किंमत कशावरून लावली हे बघितलं तर गोष्ट जरा वेगळी दिसते.

पार्श्वभूमी

टी.चा जन्म जानेवारी 1990 चा, ग्राइफ्सवाल्डचा, म्हणजे बाल्टिक समुद्राकडचं युनिव्हर्सिटीचं गाव. बर्लिनची भिंत पडून जेमतेम दोन महिने झालेले पण पूर्व जर्मनी हा देश कागदोपत्री अजून होता, आणि 2014 ला वर्ल्डकप जिंकलेल्या टीममध्ये पूर्व जर्मनीत जन्मलेला हा एकटाच. वडील कोच, आई बॅडमिंटनवाली, घरातच खेळ. आधी गावचा क्लब, मग हान्सा रोस्टॉक, आणि 2006 ला सोळाव्या वर्षी थेट बायर्न.

2007 ला कोरियात 17 वर्षांखालच्या वर्ल्डकपला तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच सप्टेंबरमध्ये कोटबुसविरुद्ध बायर्नच्या सीनियर टीमकडून बदली म्हणून उतरला, वय सतरा, आणि वीस मिनिटंही मिळाली नाहीत तेवढ्यात स्ट्रायकर क्लोजेच्या दोन गोलना असिस्ट, म्हणजे गोलआधीचा शेवटचा पास, देऊन मोकळा. आता कुणालाही वाटेल की याची जागा पक्की झाली. पण बायर्नमध्ये तेव्हा फ्रांक रिबेरी, श्वाइनस्टायगर, झे रोबेर्तो, व्हॅन बोमेल अशी मंडळी होती, पोराला मिनिटं मिळेनात, म्हणून जानेवारी 2009 ला दीड वर्षासाठी लेव्हरकुसेन या दुसऱ्या जर्मन क्लबला लोनवर, म्हणजे तात्पुरतं उसनं, पाठवलं.

हा निर्णय सगळ्यांच्याच फायद्याचा ठरला. लेव्हरकुसेनला हाइंकेस कोच म्हणून आले, 2009-10 च्या सीझनमध्ये ती टीम पहिल्या 24 लीग मॅच हरलीच नाही आणि टी. त्या टीमचा कणा होता. परत आला तो तयार होऊनच. पुढे हाइंकेसही बायर्नला आले.

मग दोन गोष्टी घडल्या ज्या त्याच्या खात्यावर उगाच चिकटल्या. एक, 19 मे 2012, चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची फायनल, स्वतःच्याच म्युनिकच्या मैदानावर, चेल्सीविरुद्ध पेनल्टीवर पराभव. पेनल्टी मारणाऱ्या पाचात टी. नव्हता, गोलकीपर नॉयरने मारली पण याने नाही. दोन, 2013 ला बायर्नने तीन मोठ्या ट्रॉफ्या घेतल्या तेव्हा हा एप्रिलमध्येच युव्हेंटसविरुद्ध दुखापत होऊन बाहेर बसलेला, त्यामुळे लंडनच्या वेम्बलीवरची चॅम्पियन्स लीगची फायनल तो खेळलाच नाही. आपल्याकडे म्हणतात ना पिकतं तिथं विकत नाही, तसं काहीसं. गुणी आहे, पण मोठ्या मॅचचा माणूस नाही, हा शिक्का बसत गेला.

अडचण कुठे आली

2013 च्या उन्हाळ्यात पेप गुआर्डिओला कोच झाले. त्याच उन्हाळ्यात प्रतिस्पर्धी जर्मन क्लब डॉर्टमुंडचा मारिओ गोत्झे 37 मिलियन युरोचा रिलीज क्लॉज (कॉन्ट्रॅक्टमध्ये आधीच लिहिलेली सुटकेची रक्कम) भरून आणला गेला, बार्सिलोनाहून थियागो आला. टी. पेपच्या सिस्टिममध्ये चपखल बसला, पास-पास-पास, मॅचचा वेग ताब्यात ठेवायचा. फेब्रुवारी 2014 ला आर्सेनलच्या मैदानावर पहिला गोल त्याचाच, आणि ती मॅच ज्यांनी बघितली त्यांना आठवत असेल, दुसऱ्या हाफला दहा माणसांच्या आर्सेनलला बॉलचा वास येत नव्हता.

पण पगाराच्या टेबलावर चित्र वेगळं होतं. तेव्हाच्या जर्मन पेपरांत येत होतं त्यावरून टी.च्या बाजूचं म्हणणं एवढंच की मला क्लबच्या वरच्या थरात मोजा, गोत्झे वगैरे मंडळींना जे मिळतं त्याच्या आसपास. क्लबचं म्हणणं, तू चांगला आहेस पण त्या थरातला नाहीस. जानेवारीत श्टुटगार्टविरुद्ध बदली केल्यावर टी.ने बेंचकडे येताना ग्लोव्ह्ज फेकले, एरवी चेहऱ्यावरची रेष न हलणारा माणूस, तर त्यावरच बातम्या झाल्या.

इथे कॉन्ट्रॅक्टचं गणित समजून घ्यायला पाहिजे. 1995 च्या बॉसमन निकालानंतर युरोपात कॉन्ट्रॅक्ट संपलं की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबला एक युरो मिळत नाही. आणि शेवटचे सहा महिने उरले की तो दुसऱ्या क्लबशी आधीच करार करू शकतो. म्हणजे जानेवारी 2015 पासून टी. कुणाशीही सही करायला मोकळा असणार होता. बायर्नला हे काय शिकवायचं, त्याच 2014 च्या जानेवारीत त्यांनी डॉर्टमुंडच्या लेवांडोव्स्कीला याच नियमाने फुकटात पक्का केला होता! डॉर्टमुंड हात चोळत बसलं होतं. आणि 2006 ला मायकेल बालाक बायर्न सोडून चेल्सीला असाच फुकटात गेला, तेव्हा हात चोळायची पाळी यांची होती.

वर मार्चमध्ये क्लबचे प्रेसिडेंट उली होनेस टॅक्स चुकवल्याच्या केसमध्ये दोषी ठरले आणि त्यांनी पद सोडलं. त्याचा या बोलण्यांवर किती परिणाम झाला सांगता येणार नाही, पण क्लबचं डोकं तेव्हा ठिकाणावर असेल असं मानायचं कारण नाही.

पर्याय काय होते

क्लबकडे तीन रस्ते होते. पगार वाढवून पाच वर्षांसाठी बांधून ठेवायचं, किंवा याच उन्हाळ्यात विकून काही पैसे हातात घ्यायचे, किंवा ताणून धरायचं आणि 2015 ला फुकट जाऊ द्यायचं. पहिल्याला विरोध का, तर पगाराची उतरंड. एकाला वर चढवला की दुसऱ्या दिवशी चार एजंट दारात उभे. हा मुद्दा खोटा नाही, मोठ्या क्लबला ही शिस्त ठेवावीच लागते. फक्त मला त्यात एक खोट दिसते, की ती उतरंड गोत्झेला बाहेरून आणताना हलली होतीच. म्हणजे बाहेरच्याला मोठा पगार चालतो, आणि सोळाव्या वर्षापासून घरात वाढलेल्याने तेवढाच मागितला की तत्त्व आठवतं. कंपन्यांमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

टी.समोर चार पर्याय. आहे त्या ऑफरवर सही कर आणि गप्प खेळ. किंवा एक वर्ष थांब, मग फुकट जा, ट्रान्सफर फी वाचल्यामुळे नवीन क्लब तुला सही करतानाच मोठी रक्कम देतो, पैशाच्या दृष्टीने हाच सगळ्यात फायद्याचा, पण वर्षभर बेंचवर बसवलं किंवा पाय मोडला तर संपलं. तिसरा मँचेस्टर युनायटेड. आणि चौथा पर्याय म्हणजे रियाल, जो एप्रिलपर्यंत चित्रात फारसा नव्हताच.

युनायटेडचं प्रकरण बऱ्याच जणांना माहीत नसतं. टी.ने स्वतः नंतर मुलाखतीत सांगितलंय की तेव्हाचे कोच डेव्हिड मॉयेस त्याला येऊन भेटून गेले होते आणि करार जवळपास झालाच होता. म्हणजे हा माणूस जवळजवळ ओल्ड ट्रॅफर्डला, युनायटेडच्या मैदानावर, गेला होता!

काय काय घडलं

22 एप्रिल 2014 ला युनायटेडने मॉयेसना काढलं. मे मध्ये लुई व्हॅन गाल नेमले गेले. गंमत बघा, हेच व्हॅन गाल 2010 ला टी. लेव्हरकुसेनहून परत आला तेव्हा बायर्नचे कोच होते, त्यामुळे ओळखीचा प्रश्न नव्हता, पण त्यांना स्वतःची टीम बांधायला वेळ हवा होता आणि युनायटेडकडून फोन येणं थांबलं. टी.च्या मनात शंका. तेवढ्यात वर्ल्डकप सुरू झाला आणि रियालचे कोच कार्लो आन्चेलोत्ती यांचा फोन आला. टी.च्या सांगण्यानुसार मग विचार करायला काही उरलंच नाही.

या क्रमाकडे जरा नीट बघा, कारण मला वाटतं प्रकरणाचा खरा वळणाचा भाग हाच आहे. टी.ने रियाल निवडलं असं आपण म्हणतो, पण एप्रिलमध्ये मॉयेसची नोकरी टिकली असती तर तो बहुधा मँचेस्टरला असता, आणि ते युनायटेड लीगमध्ये सातवं आलेलं, म्हणजे पुढचं वर्ष चॅम्पियन्स लीगच नाही, ऑगस्टमध्ये तिसऱ्या डिव्हिजनच्या एमके डॉन्सकडून कपमध्ये चार-शून्य हरणारं. त्याच्या बाजूने चांगला निर्णय झाला यात वाद नाही, पण निम्मं श्रेय दुसऱ्याच क्लबच्या गोंधळाला जातं.

मग 8 जुलै, बेलो होरिझॉन्ते, ब्राझीलविरुद्ध सेमीफायनल. आपल्याकडे रात्रीचे दीड वाजले होते किकऑफला. तेविसाव्या ते एकोणतिसाव्या मिनिटांत चार गोल, चहा टाकायला उठलेला माणूस परत येईपर्यंत मॅच संपलेली. त्यातले दोन टी.चे, 69 सेकंदांच्या अंतराने, आणि दुसऱ्यात तर फर्नांडिन्योच्या पायातून बॉल काढून घेतलाय, खेदिराला दिला, परत घेतला आणि ढकलला आत. अंगावर काटा येतो अजून. मोठ्या मॅचचा माणूस नाही म्हणणारे तेव्हा काय करत होते देव जाणे.

आणि तेरा तारखेच्या फायनलमध्ये हाच टी. मागे हेडर मारताना थेट अर्जेंटिनाच्या हिग्वाइनच्या समोर बॉल ठेवतो, समोर फक्त नॉयर, आणि हिग्वाइन बाहेर मारतो. तो आत गेला असता तर टी.ची आयुष्यभराची ओळख काय झाली असती विचार करा. पुढे 113 व्या मिनिटाला विजयी गोल मारला तो कुणी, तर गोत्झेने, ज्याच्या पगारावरून हे सगळं तापलं होतं त्याच गोत्झेने.

17 जुलैला रियालने जाहीर केलं. सहा वर्षांचा करार. फी वेगवेगळी छापून आली, साधारण 25 ते 30 मिलियन युरोच्या मध्ये. त्याच उन्हाळ्यात रियालने हामेस रॉड्रिगेझसाठी याच्या दुपटीहून जास्त मोजले, वर्ल्डकपमधल्या त्या उरुग्वेविरुद्धच्या गोलनंतर. दिसणाऱ्या खेळाची किंमत आणि न दिसणाऱ्या खेळाची किंमत एकाच क्लबच्या एकाच उन्हाळ्यात शेजारी-शेजारी ठेवलेली, इतकं स्वच्छ उदाहरण सहसा मिळत नाही.

बायर्नने काय केलं? ऑगस्टच्या शेवटी रियालकडूनच शाबी आलोन्सोला आणला, वय 32. म्हणजे हिशोब करा, 24 चा दिला आणि त्याच जागेवर खेळू शकणारा 32 चा घेतला, आणि आलोन्सो गेल्यामुळे रियालमध्ये जी खोल मिडफिल्डची जागा रिकामी झाली ती टी.लाच मिळाली. आलोन्सो अप्रतिम खेळला तीन वर्षं, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तीन वर्षांनी रिटायर झाला एवढंच.

निकाल

पहिलं वर्ष काही सगळं गोड नव्हतं. रियालने सलग 22 मॅच जिंकल्या पण शेवटी लीगही नाही आणि चॅम्पियन्स लीगही नाही, आणि मे 2015 ला आन्चेलोत्तींनाच काढलं. म्हणजे ज्या माणसाच्या फोनवर आला तो माणूस वर्षात गेला. मॉयेस गेले, आन्चेलोत्ती गेले, कोचच्या भरवशावर क्लब निवडणं किती कच्चं असतं ते एकाच खेळाडूच्या दोन वर्षांत दिसतं. टी. टिकला कारण त्याच्या खेळाची गरज पुढच्या कोचलाही होती. 2016 च्या जानेवारीत झिदान आले, कासेमिरो मागे, मॉड्रिच उजवीकडे, टी. डावीकडे, आणि 2016, 2017, 2018 अशा लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग.

पुढे 2022, 2024. बायर्नची 2013 ची धरून एकूण सहा. स्पॅनिश लीग चार वेळा. दहा वर्षं एकच पांढऱ्या बुटांचं जुनं मॉडेल, कंपनीने ते दुकानातून बंद केल्यावरही याच्यासाठी बनवत राहिली. मला त्याच्या खेळाबद्दल सगळ्यात जास्त सांगणारी गोष्ट तीच वाटते, माणसाला काही बदलायचंच नव्हतं.

आणि बायर्न? प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांचं काही वाटोळं झालं नाही. 2023 पर्यंत दरवर्षी बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन लीग, त्यांनीच जिंकली, 2020 ला चॅम्पियन्स लीगही. टी.ला सोडणं ही घोडचूक होती असं म्हणणाऱ्यांनी हेही मोजायला हवं. पण 2017 क्वार्टरफायनल, 2018 सेमीफायनल, 2024 सेमीफायनल, तिन्ही वेळा रियालने त्यांना बाहेर काढलं आणि तिन्ही वेळा समोर टी. होता. 2024 ची म्युनिकमधली पहिली मॅच मुद्दाम काढून बघा. टी.च्या पायात बॉल आहे, तो हाताने व्हिनिसियसला दाखवतो की इकडे पळ, व्हिनिसियस पळतो, आणि बॉल बचावपटूंच्या मधून बरोब्बर त्याच जागी. गोल. ज्या क्लबने त्याला वरच्या थरात मोजलं नाही त्याच क्लबच्या मैदानावर, वय 34.

नॅशनल टीमची गोष्ट थोडक्यात. 2021 ला वेम्बलीवर इंग्लंडकडून हरल्यावर त्याने जर्मनीकडून खेळणं सोडलं, तेव्हा होनेस टीव्हीवर म्हणाले होते की आताच्या फुटबॉलमध्ये याचं काही काम उरलेलं नाही. आडवे पास देणारा ही जुनीच टीका. 2024 ला कोच नागेल्समान यांनी त्याला विनवून परत बोलावलं आणि परतल्यावर पहिल्याच मॅचला, फ्रान्सविरुद्ध, किकऑफवरून त्याने पुढे फेकलेल्या बॉलवर विर्ट्झने सातव्या सेकंदाला गोल मारला. त्या उन्हाळ्यातल्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या चॅम्पियनशिपमध्ये, जर्मनी क्वार्टरफायनलला स्पेनकडून हरली, एकशे एकोणिसाव्या मिनिटाला, आणि टी.चं करिअर तिथेच संपलं. त्या मॅचमध्ये सुरुवातीलाच त्याच्या फाउलमुळे पेद्री जखमी होऊन बाहेर गेला, नंतर त्याने जाहीर माफी मागितली. परीकथेसारखा शेवट काही झाला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

क्लबच्या बाजूने पहिली गोष्ट वेळ. ही बोलणी 2013 च्या उन्हाळ्यात, कॉन्ट्रॅक्टची दोन वर्षं बाकी असताना संपवायला हवी होती. तेव्हा टी. दुखापतीतून उठत होता, बाजारात त्याची किंमत कमी होती, गोत्झे नुकताच आलेला, मधल्या कुठल्यातरी आकड्यावर तो बहुधा थांबला असता. 2014 च्या वसंतात पोचेपर्यंत पत्ते त्याच्या हातात गेले होते. तुटेपर्यंत ताणायचं असेल तर आधी दोरी कुणाच्या हातात आहे ते तरी बघावं.

दुसरी गोष्ट, एकदा वाढवून द्यायचं नाही असं ठरल्यावर मग विकणं बरोबरच होतं, तिथे मी क्लबला दोष देणार नाही. 2015 ला शून्य मिळण्यापेक्षा 25 बरे. फक्त विकण्याची वेळ आणखी चार आठवड्यांनी चांगली झाली असती का, वर्ल्डकपनंतर चार क्लबना एकमेकांत भिडवून? कदाचित. पण खेळाडूने मनात एकच क्लब धरलेला असला आणि कॉन्ट्रॅक्टचं एकच वर्ष उरलेलं असलं की लिलाव करता येत नाही, बाकीचे क्लब येऊन करणार काय.

टी.च्या बाजूने बघितलं तर मला एकच गोष्ट खटकते, मॉयेसच्या शब्दावर तो इतका पुढे गेला. त्या सीझनला युनायटेडची अवस्था आणि मॉयेसची खुर्ची दोन्ही डुगडुगतायत हे पेपर वाचणाऱ्या कुणालाही दिसत होतं. बायर्नवरचा राग तिथे निर्णय घेत होता असं वाटतं. नशिबाने तो करार सहीपर्यंत पोचला नाही.

क्लब यातून शिकला का, तर काही अंशी. 2020 ला थियागोचं एक वर्ष उरलं असताना त्याला लिव्हरपूलला विकून पैसे घेतले. पण त्याच वर्षी डेव्हिड आलाबाशी पगारावरून बोलणी सुरू झाली, तोही पोरवयात आलेला आणि क्लबमध्येच मोठा झालेला, पुन्हा वरच्या थराचा प्रश्न, पुन्हा क्लबची न सरकणारी ऑफर, होनेसनी तर त्याच्या एजंटला टीव्हीवर हावरट पिरान्हा म्हणून टाकलं, आणि नोव्हेंबरमध्ये क्लबने ऑफरच मागे घेतली. 2021 च्या उन्हाळ्यात आलाबा रियाल माद्रिदला गेला, आणि यावेळी बायर्नला फी मिळाली शून्य.